सोलापूरच्या माळावर अवसेची फेरी

आंब्याचा बागायतदार आणि पाखरू यांचं सख्य असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत आम्ही बागेत पत्र्याचे डबे बडवतो, गोफणी फिरवतो, घसा बसेपर्यंत हाकारे घालतो, आणि तरीही झाडावरचा सगळ्यात गोड आंबा पोपटाने आधी चाखलेला असतोच. असा मी, जन्मभर पाखरांच्या नावाने बोटं मोडलेला माणूस, पदरचं गाडीभाडं खर्चून पाखरं बघायला सोलापूरला निघालो म्हटल्यावर रत्नागिरीतल्या आमच्या आळीत हशा पिकला. पिकू दे. मी गेलो, डोळ्यांनी पाहिलं, आणि परत आल्यापासून छाती काढून चालतो आहे. कारण तिथे लोकांना पाखरं दाखवत हिंडते ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे, आणि हे मी न विचारताही चारचौघांत सांगतो.

तिचं नाव यमुना. आम्ही यमू म्हणतो. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तिचं कुंकू गेलं. आमच्या वडिलांनी भाऊबंदांचं न ऐकता तिला शिकायला पुण्याला ठेवलं, आणि शिकून ती सोलापुरात मुलींच्या शाळेवर मास्तरीण झाली. नात्यातल्या मंडळींना तेवढंच पचलं नव्हतं. त्यात बातमी आली की ती दर अमावास्येला परक्या बायाबापड्यांना घेऊन माळावर जाते. “अमावास्येला? आणि घराबाहेर? आणि ही?” आमच्या मावशीने एका दमात विचारलं. मी म्हटलं, आंबा संपलाय, हात रिकामे आहेत, मी स्वतः बघूनच येतो.

वाटेचं वर्णन करत नाही. आंबा घाट चढेपर्यंत पावसाने झोडपलं आणि मिरजेच्या पुढे अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत धुळीने. एकाच आषाढात दोन्ही कसं असू शकतं हे मला अजून कळलेलं नाही.

सोलापूर

यमूने स्टेशनवर टांगा पाठवला होता. टांगेवाले हुसेनभाई, मेंदी लावलेली दाढी आणि खणखणीत आवाज. माझ्या बोचक्याकडे बघून म्हणाले, “तुमे बाई के भाई ना? बैठो, बैठो. बाई बोले थे, कोकन का पावना है, सामान में आंबापोळी रैंगी.” होतीच. वाटेत त्यांनी घोडा चालता ठेवून चाबकाने तारेवरचा एक पक्षी मला दाखवला आणि म्हणाले, “इसका नाम नई बतातौं. कल खुद देखो.” टांगेवाल्याने सवारीला कोडं घालावं हा प्रकार मला नवीन होता.

शहर मला आवडलं म्हणायला जड जातं, पण आवडलं. हिरवं काही नाही; आमच्याकडे भिंतीवरसुद्धा शेवाळ उगवतं, इथे झाडंही मोजूनमापून हिरवी. पण गल्लीगल्लीतून हातमागांचा खटखटाट, दारात वाळत घातलेलं रंगीत सूत, आणि एका ओट्यावर तेलुगू, दुसऱ्यावर मराठी, कोपऱ्यावर कानडी. आमच्या गावात परकी भाषा म्हणजे मालवणची.

जेवायला बसलो. ताटात मोठा थोरला पापड दिसला म्हणून मोडायला गेलो तर ती भाकरी निघाली. ज्वारीची, पातळ, कडक वाळवलेली. मोडताना असा आवाज झाला की मीच दचकलो. सोबत शेंगाची चटणी, वर तेल. आमच्याकडे पाहुण्याचं जेवण भाताने सुरू होतं आणि भाताने संपतं; इथे भात ताटाच्या कडेला प्रसादाइतका. मी त्याच्याकडे आशेने बघत होतो तेवढ्यात यमू म्हणाली, “पोटभर भाकरी खा अण्णा. उद्या अवस. पहाटे निघायचंय.”

“दुसरा दिवस नाही मिळाला तुला? आमच्याकडे अमावास्येला माणूस वेस ओलांडत नाही.”

“इथल्या विणकरांचे माग अवसेला बंद असतात. त्यांची सुट्टी तीच. बाकीचे दिवस ती माणसं उजाडल्यापासून अंधारापर्यंत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली असतात. त्यांना आभाळ दाखवायचं तर मी मुहूर्त कुणाचा बघू?”

मावशीच्या वतीने मी आणलेलं सगळं बोलणं तिथेच जिरलं.

अवस

उजाडताना सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी माणसं जमली. चाळीसेक असतील. विणकरांची कुटुंबंच्या कुटुंबं, गिरणीतले दोघेतिघे, यमूच्या शाळेतल्या दोन मोठ्या मुली, आणि टांग्यासकट हुसेनभाई. सगळ्यांत पुढे नरसय्या नावाचे विणकर होते. रंगाने कायमची निळी झालेली नखं, बारीक अंग, आणि बोलण्याआधी हसायची सवय. यमूने माझी ओळख करून देताच त्यांनी हात जोडले आणि मला सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं.

“हे काय?” मी विचारलं.

“आपल्या फेरीचा नेम आहे,” नरसय्या म्हणाले. “नवा माणूस पुढे. त्याचं पहिलं पाखरू दिसेपर्यंत जुन्या माणसाने तोंड उघडायचं नाही. आणि पाखराचं नाव घ्यायचं नाही. जे दिसलं तेच सांगायचं. नाव बाई शेवटी सांगणार.”

“नाव कळलं की माणूस बघायचं सोडतो,” यमू मागून म्हणाली. “आमच्या शाळेत रोज बघते मी.”

आमच्याकडे नवा माणूस कुठेही गेला की त्याला मागे बसवतात आणि जुने लोक शहाणपणा सांगतात. भजनात, पंगतीत, ग्रामपंचायतीत, सगळीकडे. इथे मला, पाखरांच्या वैऱ्याला, पुढे घालून चाळीस माणसं मुकाट्याने मागे चालणार होती. 

दोन बैलगाड्या आणि टांगा असे आम्ही शहराबाहेर पडलो आणि उन्हं वर येईपर्यंत एका गावाच्या माळावर पोहोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. यमूने बजावलं आहे की बंदुकवालेही वाचतात. वेशीपाशी पाटील भेटले. पिळदार मिशा, खांद्यावर घोंगडी. यमूला रामराम करून माझ्याकडे बघत त्यांनी बहुधा दर वेळचंच वाक्य पुन्हा म्हटलं, “हिंडा, बगा. पर आमच्या माळावरचं मोटं पाखरू उटून ग्येलं, तर फिरून हितं पाय ठेवायचा न्हाय. माज्या बापानं ते राखलंय.”

माळ मला प्रथम ओसाडच वाटला. गुडघ्याएवढं गवत, मधून मधून पांढरे चुनखडीचे दगड, आणि वर केवढं तरी आभाळ. मी चालतो आहे, मागे चाळीस माणसं गप्प. शेवटी एका दगडावर काहीतरी हललं. “चिमणी!” मी ओरडलो. कुणी हसलं नाही. नरसय्या हळूच म्हणाले, “नाव नको. डोक्यावर काही आहे का बघा.” बघितलं तर शेंडी. चिमणीला शेंडी कुठली? अंग मातीच्या रंगाचं, छातीवर रेघा. मी एकेक सांगत गेलो, मागच्या बाया मान डोलवत गेल्या, आणि ते पाखरू एकाएकी सरळ वर उडालं आणि आभाळात ठिपका होऊन गायला लागलं. “चंडोल,” यमू म्हणाली. पन्नाशीच्या माणसाने सांगू नये, पण आंब्याच्या पहिल्या पेटीला भाव आल्यावर होतो त्याहून जास्त आनंद मला झाला.

त्यानंतर सगळ्यांची तोंडं सुटली. विणकर माणसं पाखराकडे कापड बघावं तशी बघतात. कुणी म्हणे पोटाला कोरं सूत, कुणी म्हणे शेपटीचा काठ काळा. तारेवर एक मळकट पाखरू बसलं होतं, हुसेनभाईंनी काल दाखवलं तसलंच. मी म्हटलं, यात काय बघायचं? तेवढ्यात ते उडालं आणि पंखांत निळ्याचे दोन-तीन प्रकार लखलखले. नरसय्यांची बायको म्हणाली, “घरात जुनेर, लग्नात पैठणी.” याहून चांगलं वर्णन मी करू शकत नाही. ते नीलपंख.

यमूपाशी एकच दुर्बीण. तिचाही नेम आहे: रांगेत उभं राहायचं आणि एक श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ बघायचं. श्वास सुटला की दुर्बीण पुढे. हुसेनभाईंची छाती मोठी, त्यामुळे त्यांच्या मागे उभं राहायला कुणी तयार नसतं.

आणि मग गवतातून मान वर आली. उंच पाय, लांब मान, डोक्याला काळी टोपी, पाठ वाळल्या गवताची. चालणं असं, की आमच्याकडचा खोत पीकपाहणीला निघाला आहे. माळढोक. पाटलांचं मोठं पाखरू ते हेच. ते चार पावलं पळून दूर गेलं आणि यमूने एकदम सगळ्यांना हाताने थांबवलं. नरसय्यांच्या पायापासून दहा हातांवर उघड्या जमिनीवर एक अंडं होतं. घरटं नाही, काडी नाही, काही नाही. आमच्याकडे कावळासुद्धा चार काटक्या जमवतो.

“ही मादी होती. मागे फिरा,” यमू म्हणाली. “सगळे. आत्ताच्या आत्ता.”

चाळीस माणसं आलेल्या पावलांवर पाऊल ठेवून मागे सरली. मेंढरं त्या बाजूला चरायला येतात म्हणून यमूने जाता जाता नरसय्यांना सांगितलं, एखादा दगड खुणेला ठेवून लगेच निघा. टिटवीच्या अंड्यांना ते नेहमी तसं करतात. ती बाकीच्यांना घेऊन पुढे झाली. नरसय्या आणि त्यांच्या आळीतले दोघे मागे राहिले ते जरा वेळाने आले, हात झटकत, काम मनासारखं झाल्याच्या चेहऱ्याने.

बाभळीखाली धपाटे आणि दही खाल्लं. माळावर मेंढरं राखणारी धुरपाआजी ताक घेऊन आली. ती दर अवसेला येते आणि फेरीबरोबर जेवते. तोंडात तंबाखू, बोलणं थेट. माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्यो बाईंचा भाऊ व्हय? लई मऊ मानूस दिसतोय.” यमू ठसका लागेपर्यंत हसली.

संध्याकाळी घरी दिव्यांची पूजा झाली. आमच्याकडेही आषाढातल्या अमावास्येला दिवे घासतात. तेवढं एक सारखं निघालं म्हणून मला बरं वाटलं.

रविवार

मी निघणार होतो, पण राहिलो. श्रावण लागला होता. रविवारी दुपारी धुरपाआजी लोकर विकायला शहरात आली ती थेट यमूच्या दारात. नरसय्याही यमूकडे आलेले होते.

“बाई, तुमच्या पाखराच्या जाग्यावर द्येव निगाला की!”

“कसला देव?”

“पांढऱ्या दगडाचं गोल रिंगान, मदी काटीला लाल सूत. कुनाला तरी वाटलं द्येवाचं ठिकान. श्येंदूर लावला. काल बाया आल्या, फुलं वाहिली. अंडं मातीच्या रंगाचं, कुनाला दिसलंच न्हाय. उद्या श्रावणातला पैला सोमवार. समदं गाव नारळ घिऊन येनार हाय.”

“आणि मादी?”

“मानसं आली की उटती, लांब जाऊन हुबी ऱ्हाती. ग्येली की येऊन बसती. पर गाव लोटल्यावर कुटं बसती? पाटील लई तापलेत. द्येवाच्या कामाला गावाम्होरं त्यास्नी जावंच लागनार, पर पाखरू ग्येलं तर बाईंची फेरी बंद म्हनत्यात.”

नरसय्यांचा चेहरा उतरला होता. “ताणा लावताना धागा तुटला की आम्ही तिथे लाल सूत बांधतो,” ते म्हणाले. “मागून हुडकायला. लाल सूत म्हणजे इथे सांभाळा, एवढंच. आणि दगड एक ठेवला तर चुकून पाय पडेल, म्हणून गोल केला. नीट केला, बाई. आम्ही नीटच केला.”

तिथेच तर घोटाळा होता. दुसऱ्या कुणी एक धोंडा टाकून दिला असता. या माणसांच्या हाताला अर्धवट काम येत नाही.

मला उपाय सोपा दिसला. मी म्हटलं, “यमू, आमच्या बागेला न दिसणारा राखणदार आहे असं आपण सगळ्यांना सांगत आलो की नाही? रात्री काठी आपटत फिरतो म्हणून? त्या भीतीने आंबे वाचतात. तूही सांग, हा देव लांबच्या दर्शनाचा आहे, जवळ गेलेलं त्याला खपत नाही. काम फत्ते.”

“आज देव म्हणून लांब राहतील,” ती म्हणाली, “आणि भाद्रपदात कुणीतरी नवसाचं बकरं घेऊन येईल. मग?” पुढे म्हणाली, “आणि अण्णा, मी तीन वर्षं त्या माणसांना सांगते आहे की जे दिसतं तेच बोला. उद्या मीच नसलेलं सांगू?”

तिच्या फेऱ्या बंद पडण्याची वेळ आली होती. दुसरं काही तिच्या आयुष्यात आहे असं मला या मुक्कामात दिसलं नव्हतं. तरी तिने मला गप्प केलं. मला राग आला, आणि त्या रागातही मान ताठ झाली.

सोमवार

पहाटे हुसेनभाईंनी टांगा आणला. नरसय्या माग बंद ठेवून आले होते. यमूने शाळेतून रजा काढली होती, आणि मी आंबापोळीची शेवटची वळी घेतली होती, कशासाठी ते मलाही माहीत नाही.

गाव आणि ती जागा यांच्या मधे एक टेकाड आहे. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मागून हलगी ऐकू येऊ लागली. पुढे पाटील, त्यांच्या मागे पाटलीणबाई हिरव्या लुगड्यात, मग सगळं गाव. ताटं, फुलं, नारळ. ते नारळ आमच्याच किनाऱ्याचे असणार, पण तो अभिमान बाळगायची ती वेळ नव्हती.

यमू वाटेत उभी राहिली. पांढरं लुगडं, गळ्यात दुर्बीण. एवढ्या माणसांपुढे ती फार लहान दिसत होती.

“पुढे देव नाही,” ती म्हणाली. “माळढोकाचं अंडं आहे.”

हलगी थांबली. कुणीतरी ओरडलं, “श्येंदूर लागलाय आन् ही द्येव न्हाय म्हनती!” गलका सुरू झाला. कुणी म्हणालं, दगड आपोआप गोल झाले काय? तेव्हा नरसय्या पुढे आले. 

“दगड मी लावले,” ते म्हणाले. “सूत मी बांधलं. मेंढराचा पाय पडू नये म्हणून. देवाचं मी काही केलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, बाईंवर नको.”

गावकऱ्यांच्या मागून धुरपाआजीचा आवाज आला, “खरं बोलतोय त्यो. मी बगितलंय त्याला दगड येचताना.”

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. “अंडं हाय म्हंता. मग दावा.”

“दाखवते,” यमू म्हणाली. “पण इथूनच. आणि आमच्या फेरीचा नेम पाळून. नवा माणूस पुढे.”

“नवा? मी हितला जन्मापासनं!”

“दुर्बिणीला तुम्ही नवेच आहात, पाटील.”

दोनचार जण हसले.  पाटलांनी जोडे काढले, घोंगडी अंथरली, आणि टेकाडाच्या माथ्यावर मांडी घातली. पाटील बसल्यावर गाव उभं कसं राहणार? एकेक करून सगळी माणसं गवतात बसली. यमूने दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली आणि हळू आवाजात सांगितलं, “नाव घ्यायचं नाही. जे दिसतं तेवढंच बोला.”

“दगड,” पाटील म्हणाले. “लाल सूत. मदी... काय न्हाय.”

“आणखी लांब बघा. गवतात.”

“मान,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मान दिसती. हुबी हाय. हिकडं बगतीया.”

“बसलेल्या माणसाला ती भीत नाही. थांबा.”

थांबलो. ऊन चढत होतं. पोरं चुळबुळायला लागली की बाया त्यांना मांडीत दाबून धरत. हलगीवाल्याने वाऱ्याने सुद्धा वाजू नये म्हणून हलगी पोटाशी धरली होती. यमूकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. मादी आली नाही, तर गाव दिवसभर थोडंच बसणार होतं? उठून सरळ नारळ फोडायला गेलं असतं, आणि पुढच्या अवसेला नरसय्यांची आळी घरात बसून राहिली असती. जन्मात पहिल्यांदा मी एका पाखराला मनातल्या मनात ये, ये म्हणत होतो.

“निगाली,” पाटील म्हणाले.

कुणी हललं नाही.

“चालती. थांबली. मान फिरवली... पुना चालती. दगडापाशी आली.” आणि मग बराच वेळ काही नाही. “थांबलीया. श्येंदराकडं बगती.”

नरसय्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“पाय उचलला,” पाटील म्हणाले. “आत ग्येली. बसती... बसली. बसली!” आणि लगेच त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

अख्ख्या गावाने एकदम श्वास सोडला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी जयजयकार केला नाही. पाटील दुर्बीण सोडत नव्हते. शेवटी हुसेनभाई मागून म्हणाले, “पाटील, सांस छोडो. लाईन खडी है.” तेव्हा कुठे दुर्बीण पुढे सरकली. मग रांग लागली. म्हाताऱ्या आल्या, गडी आले, पोरं आली, आणि प्रत्येकजण एका श्वासात जे दिसलं ते सांगून बाजूला होऊ लागला. एका बाईने सांगितलं की मादीने डोळा मिचकावला. यमू प्रत्येकापाशी बसून होती, दुर्बिणीचं चाक फिरवून देत होती, लहान मुलांसाठी खाली वाकत होती. मी मनाशी म्हटलं, मावशी, तू इथे असायला हवी होतीस.

पाटील तिच्यापाशी आले. “मी हिला उडताना लई येळा बगितली,” ते म्हणाले. “बसलेली आज बगितली.” मग गावाकडे वळून मोठ्याने म्हणाले, “त्या दगडांच्या पुढं पिल्लू निगून जाईस्तवर कुनी जायाचं न्हाय. आन् बाई, पुढच्या अवसंला शेरातनं गाड्या आनू नका. आमी पाठवतो. आमची बी मानसं येतील की फेरीला.”

“नवी माणसं पुढे चालतील,” यमू म्हणाली.

“व्हय. पुढंच चालतील.”

माणसं पांगायला लागली, पण हातात नारळ तसेच होते. देवाला म्हणून आणलेला नारळ परत घरी न्यायचा नसतो, हे तर आमच्याकडेही आहे. कुणाला काय करावं कळेना. तेव्हा पाटलीणबाई आपला नारळ घेऊन यमूपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या पांढऱ्या लुगड्याकडे बघितलं, कोऱ्या कपाळाकडे बघितलं. मीही बघितलं. तिचं कुंकू गेल्यापासून आमच्या घरच्या हळदीकुंकवाला यमू माजघरात बसते. तिची ओटी कुणी भरत नाही, ती मागत नाही, आणि आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही.

“पदर पुढं करा, बाई,” पाटलीणबाई म्हणाल्या.

 पाटलीणबाईंच्या मागे बायांची रांग लागायला सुरुवात झाली होती, प्रत्येकीच्या हातात नारळ. मला समोरचं धूसर दिसायला लागलं आणि मी डोळे पुसले, चारचौघांत, लाज न बाळगता. तेवढ्यात तिने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्याकडे दिली.

“अण्णा, ही धर जरा,” ती म्हणाली. “मला दोन्ही हात लागतील.”